शहराचा बंब आणि डोंगरातला पाऊस
नंदुरबार जिल्ह्यातील अग्निशमन दलाची वादळ-पावसातील कार्यपद्धती

नंदुरबार : अग्निशमन दल म्हटले की आग आणि घंटा वाजवत धावणारा बंब एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र पावसाळ्यात रस्त्यावर उन्मळून पडलेले झाड, तळमजल्यात शिरलेले पाणी, फरशी पुलावर अडकलेली जीप, पुराच्या वेढ्यातील घर अशा प्रत्येक प्रसंगी हाक मारली जाते ती याच दलाला.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या १९६५ च्या अधिनियमानुसार आग विझविणे व आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. दल नगरपालिकेचे असल्याने त्याचे पहिले दायित्व शहराच्या हद्दीपुरते असते. जिल्ह्यातील चारही नगरपालिका नंदुरबार, शहादा, तळोदा व नवापूर येथे, म्हणजे डोंगराखालच्या मुलखात आहेत. सातपुड्याच्या माथ्यावरील पाड्यांचा आकांत मात्र हद्द पाहत नाही. हद्दीबाहेर बंब पाठवावा लागतो आणि तो घाट चढून पोहोचेपर्यंत बराच वेळ निघून गेलेला असतो. या जिल्ह्यातील आपत्तीच्या तयारीचे खरे कोडे हे अंतराचे आहे.

पूर्वतयारी

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. मान्सूनपूर्व आढावा साधारणपणे मे महिन्यात होतो. महसूल, पोलिस, आरोग्य, पाटबंधारे, बांधकाम, महावितरण व नगरपालिका या सर्वांनी कोणती सामग्री कुठे ठेवली आहे, हे त्यात ठरते. दलाच्या दृष्टीने या काळातील काम रुक्षच, पण तेच निर्णायक. दोरखंड, जीवरक्षक जाकिटे, सर्चलाइट व ताडपत्र्या तपासणे, झाड कापण्याच्या यांत्रिक करवतीला धार लावणे, पाणी उपसण्याचे पंप चालवून पाहणे, रबरी बोट हवा भरून रात्रभर ठेवणे. बोटीला छिद्र आहे हे पुराच्या दिवशी कळून उपयोग नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांची भाषाही दलाने जाणून घ्यावी लागते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा लक्ष ठेवण्यासाठी, नारिंगी सज्जतेसाठी आणि लाल तातडीच्या कृतीसाठी असतो. नारिंगी इशारा आला की रजा रोखणे, वाहनांत डिझेल पूर्ण भरणे आणि रात्रपाळीला माणसे वाढविणे ही कामे पावसाच्या आधी उरकावी लागतात.

दोन प्रकारचे पूर

जिल्ह्यात पुराचे दोन स्वभाव आहेत. तापीचा पूर सांगून येतो. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी सारंगखेडा व प्रकाशा बॅरेजपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. तेवढ्या वेळात नदीकाठी दवंडी देता येते, माणसे व गुरे हलविता येतात. पुढे उकाई धरण आणि त्याखाली सुरत. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहराचा मोठा भाग याच तापीच्या पाण्याखाली गेला होता.

डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्या मात्र उसंत देत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात मुसळधार पावसाने रंगावली व सरपणी नद्यांना पूर आला, घरे वाहून गेली आणि माणसेही दगावली. अशा पुरात बाहेरची मदत येईपर्यंत पाणी ओसरू लागलेले असते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला, तर राष्ट्रीय दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे. पहिले तास गावातील पोलीस पाटील, कोतवाल, पट्टीचे पोहणारे तरुण आणि जवळच्या नगरपालिकेचे मूठभर जवान यांच्याच हाती असतात. म्हणूनच दोर कसा बांधावा व बुडणाऱ्याला काठावरून कसे ओढावे, हे गावाला शिकविणे बंबाइतकेच मोलाचे ठरते.

अक्कलकुवा व धडगावच्या नर्मदाकाठी तर रस्ताच अनेक ठिकाणी संपतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. तेथील काही वस्त्यांना जाण्याचा मार्ग बोटीचाच. घाटातील दरडींचे दुखणे वेगळेच. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पती पायी निघाला, पण वाटेतच तिने प्राण सोडले. रस्ता मोकळा करणारे यंत्र घाटाच्या पायथ्याशी आधीच उभे असणे म्हणजे काय, हे त्या घटनेने दाखवून दिले.

घटनास्थळी

वर्दी मिळाल्यावर जागेचा खूण-पत्ता, अडकलेल्यांची संख्या व पाण्याची स्थिती विचारली जाते. झाड विजेच्या तारांवर पडले असल्यास महावितरणने प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत करवत लावली जात नाही. या वेळी जमलेले लोक संतापतात, पण हा विलंब जाणीवपूर्वक केलेला असतो. पुरातही पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय. आधी काठावरून आवाज, मग काठी वा दोर, त्यानंतर बोट, असा क्रम पाळला जातो.

उन्हाळ्यातील वावटळींचा धोका निराळा. लाकूड, बांबू व गवताची घरे असलेल्या पाड्यावर वाऱ्याने ठिणगी उडाली की एका घराची आग रांगेला लागते. बंबात साधारण चार ते पाच हजार लिटर पाणी मावते आणि पूर्ण दाबाने सोडल्यास ते काही मिनिटांत संपते. टंचाईच्या दिवसांत ते पुन्हा कुठे भरायचे, याची यादी आधीच तयार नसेल तर बंब नुसताच उभा राहतो. नंदुरबारच्या प्रसिद्ध मिरचीच्या पथारींना मात्र आगीपेक्षा अवकाळीचे भय अधिक. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा दिसले.

नागरिकांसाठी

अग्निशमनासाठी १०१, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. फरशी पुलावरून पाणी वाहत असल्यास वाहन घालू नये. दोन फूट वेगवान पाणी जीपही ओढून नेते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी अवधी गेला तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पाणी ओसरल्यावरही दलाचे काम चालूच राहते. घराघरांतील गाळ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढणे, तळघरे उपसणे, रस्त्यावरील फांद्या हटविणे यात आणखी काही दिवस जातात. त्यानंतर भिजलेले होज पाइप टांगून वाळविले जातात, पंप पुसले जातात आणि पुढच्या वर्दीसाठी बंब पुन्हा भरून ठेवला जातो.