चेहऱ्यावरची चामखीळ लेझरने काढताय? आधी ती चामखीळच आहे ना, तपासा

गालावरचा मस, पापणीजवळची चामखीळ, नाकाशेजारचा फुगीर तीळ. यांचा त्रास फारसा नसतो. पण फोटोत उठून दिसतात, दाढी करताना कापतात, चष्म्याला घासतात. पूर्वी त्यावर चुना-सोडा लावायचे, नाहीतर घोड्याचा केस घट्ट बांधून ठेवायचे. त्यात चेहरा भाजून कायमचा डाग राहिलेलीही माणसे आहेत. आता लेझरचा मार्ग आहे आणि काम खरोखरच काही मिनिटांचे असते. मात्र मशीन लावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायलाच हवे: जे काढायचे आहे, ते नेमके आहे काय?

कोणती वाढ कशी ओळखतात?

सावळ्या-गव्हाळ त्वचेवर गालांवर आणि डोळ्यांभोवती बारीक काळे, किंचित उंच ठिपके येतात. डॉक्टर त्यांना थोडक्यात ‘डीपीएन’ म्हणतात. ते निरुपद्रवी असतात आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतात.

देठावर लोंबणारी मऊ चामखीळ मानेवर, पापण्यांवर दिसते. अशा चामखिळी खूप असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहाच्या प्रवृत्तीशी त्यांचा संबंध आढळतो.

खरखरीत चामखीळ वेगळी. ती एचपीव्ही विषाणूमुळे होते आणि पसरते. तिच्यावरून दाढीचे ब्लेड फिरले की शेजारी नवीन उगवतात.

पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर चकती असेल तर ती चरबीची असते. ती काढण्याआधी कोलेस्टेरॉलची तपासणी हवी. नुसती चकती काढली आणि आतले कारण तसेच राहिले, तर ती परत येऊ शकते.

लेझर करतो काय?

या कामासाठी कार्बन डायऑक्साइड लेझर जास्त वापरला जातो. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यातले. या लेझरचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते. पेशीतले पाणी हे किरण शोषून घेते, क्षणात तापते आणि त्या पेशीची वाफ होते. त्याच उष्णतेने बारीक रक्तवाहिन्याही बंद होतात. म्हणून रक्त फारसे येत नाही आणि सहसा टाका घालावा लागत नाही.

धोका इथेच आहे

वाफ झालेल्या पेशी लॅबमध्ये पाठवता येत नाहीत. काढलेला भाग साधा तीळ होता की कर्करोगाची सुरुवात, हे मग कळणार कसे? आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण नसतोच असे नाही. बेसल सेल कार्सिनोमा हा प्रकार बहुतेक वेळा चेहऱ्यावरच होतो. आपल्या त्वचेवर तो अनेकदा काळपट असतो आणि साध्या तिळासारखा दिसतो. वरवर जाळला तर मुळे आत राहतात आणि निदान लांबते.

खालीलपैकी एक जरी लक्षण असेल तरी थेट लेझर नको, आधी तपासणी आणि गरज वाटल्यास बायोप्सी:

- तीळ अलीकडे वाढला, रंग किंवा आकार बदलला
- दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत
- एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतात
- रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे
- खाज येते, रक्त येते, किंवा जखम महिनाभर भरत नाही

उपचाराच्या दिवशी आणि नंतर

बधिर करणारे क्रीम साधारण तासभर आधी लावतात किंवा बारीक इंजेक्शन देतात. डोळ्यांवर संरक्षक आवरण हवेच. नंतर खपली धरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप पडते. ती नखाने काढू नये, खड्डा राहतो.

आपल्या त्वचेत मुख्य अडचण असते ती काळ्या डागाची. जखम भरल्यावर त्या जागी काळपटपणा येऊ शकतो आणि जायला काही महिने लागतात. म्हणून किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, टोपी किंवा स्कार्फ आणि भर उन्हातली फेरी टाळणे आवश्यक. लग्न चार दिवसांवर असताना लेझर करून घेणे शहाणपणाचे नाही. दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत.

जखमेवर गाठ येण्याची सवय, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, ओठांवर वारंवार येणारी नागीण, मुरमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

पैसे देण्याआधी विचारा

‘लेझर’ या नावाखाली कधीकधी रेडिओफ्रिक्वेन्सी कॉटरी वापरतात. छोट्या वाढीसाठी तीही चांगली असते आणि सहसा स्वस्त पडते. पण मशीन कोणते, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. पेसमेकर बसवलेल्यांनी तर विचारलेच पाहिजे, कारण कॉटरीच्या विजेचा त्यावर परिणाम होऊ शकतो.

दर एका तिळाचा की एका बैठकीचा, बायोप्सी आणि पुन्हा दाखवण्याची फी वेगळी का, हे लिहून घ्यावे. फक्त दिसण्यासाठी केलेला उपचार आरोग्य विम्यात सहसा बसत नाही.

डॉक्टर त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहेत का, राज्याच्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. पार्लरमध्ये हे काम करून घेऊ नये.

खासगी फी परवडत नसेल तर निदानासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभाग गाठावा. बेळगावात बिम्स, गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ, इंदूरला एमवाय, ग्वाल्हेरला जयारोग्य, वडोदऱ्यात सयाजी, हैदराबादेत उस्मानिया. ही वाढ निरुपद्रवी आहे, असे तिथे एकदा कळले की ती काढायची की तशीच ठेवायची, हे निवांतपणे ठरवता येते. न काढणे हाही एक बरोबर निर्णय असू शकतो.