पॅनिक डिसऑर्डर : वऱ्हाडातले रूप आणि उपचार

पॅनिक डिसऑर्डर हा तीव्र भीतीचे झटके अचानक, वारंवार आणि दिसत्या कारणाशिवाय येण्याचा मानसिक आजार आहे. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तेवढ्या वेळात छाती धडधडते, दम कोंडतो, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि आपण आता मरणार किंवा आपल्याला वेड लागणार अशी खात्री वाटू लागते. एखाद-दुसरा झटका पुष्कळांना येऊन जातो; तेवढ्याने आजार ठरत नाही. पुढचा झटका कधी येईल या धास्तीत महिनाभर किंवा अधिक काळ जातो किंवा त्या धास्तीपायी माणूस आपले वागणे बदलतो, तेव्हा निदान होते. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांमधली अशीच लक्षणे जेकब डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ साली नोंदवली आणि ती हृदयाच्या खाती टाकली. मानसिक आजार म्हणून स्वतंत्र नाव मिळायला १९८० साल उजाडले. आयुष्यात कधी तरी हा आजार होणाऱ्यांचे प्रमाण जगभरच्या पाहण्यांत साधारण शंभरात एक ते तीन असे येते आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट असते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांपुरते बोलायचे तर या आजाराचे मोठे नुकसान झटक्यानंतर आक्रसत जाणाऱ्या आयुष्यात होते. आणि हे आक्रसणे इथल्या घरगुती रीतीत इतके बेमालूम मिसळते, की घरच्यांना, डॉक्टरला आणि खुद्द रुग्णालाही ते आजाराचा भाग वाटत नाही.

झटका कसा पेटतो याचे आजही सर्वाधिक उपयोगी पडणारे स्पष्टीकरण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले. शरीरात काहीतरी किरकोळ घडते: जिना चढल्यावर ठोके वाढतात, उन्हातून आल्यावर डोके गरगरते. त्या संवेदनेचा अर्थ माणूस भयंकर लावतो, त्यामुळे भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि अर्थ खरा ठरल्यासारखा वाटतो. श्वास जलद होऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मुंग्या आणि चक्कर येतात, म्हणजे पुराव्यात आणखी भर पडते. हा भयंकर अर्थ कोणता, ते मात्र ज्याचा-त्याचा समाज शिकवतो. अमेरिकेत गेलेल्या कंबोडियन निर्वासितांना अशा वेळी अंगातला वारा वर चढून डोक्यात शिरतो असे वाटते, हे संशोधक डेव्हन हिंटन यांच्या अभ्यासातून पुढे आले. वऱ्हाडात "जीव घाबरून राह्यला, छातीत धकधक होऊन राह्यली" असे सांगणाऱ्याच्या मनात एकच शब्द असतो, ॲटॅक. म्हणून पहिली धाव अमरावतीत इर्विन रुग्णालयाकडे, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाकडे किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात, आणि पहिली तपासणी ईसीजीची.

ही तपासणी झालीच पाहिजे. मानसिक आजाराबद्दल लिहिताना या मुद्द्यावर घाई करणे धोक्याचे आहे, वऱ्हाडात तर फारच. इथला मे महिना पारा ४५ अंशांच्या पुढे नेतो आणि उष्माघाताची सुरुवातही धडधड, घाम, चक्कर अशीच होऊ शकते. कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसाला घाम सुटला, छाती आवळल्यासारखी झाली तर आधी विषबाधेचा विचार करावा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. बायकांमधला रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, विदर्भात बऱ्यापैकी आढळणारा सिकलसेल आणि अर्थात खरा हृदयविकार, हे सगळे एकदा नीट वगळावे लागतात. अडचण त्यानंतर सुरू होते. अहवाल नॉर्मल आला की "काही नाही, गॅस आहे" किंवा "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर बोळवण होते. रुग्णाला ते पटत नाही, कारण त्याला जे झाले ते खरोखर झालेले असते. मग पुन्हा ईसीजी, मग इको, मग नागपूरचा मोठा डॉक्टर. प्रत्येक तपासणीने चार दिवस बरे वाटते आणि पुढच्या धडधडीसरशी तो दिलासा संपतो. नॉर्मल अहवाल हा उपचाराचा आरंभ असायला हवा. तो शेवट ठरतो तेव्हा तपासण्या हाच आजाराचा एक अवयव बनतो.

दुसरा अवयव टाळण्याचा. एसटीत झटका आलेला माणूस आधी दाराजवळची जागा धरू लागतो, मग सोबत कोणी असेल तरच बसतो, मग प्रवासच सोडतो. नवरात्रातली अमरावतीच्या अंबादेवीची गर्दी, श्रावणातला अकोल्याच्या राजराजेश्वराचा कावड उत्सव, लग्नाची पंगत, बँकेतली रांग, जिथून चटकन निघता येत नाही ते ते गळत जाते. अशा टाळण्यामुळे तात्पुरती सुटका होते आणि भीती मात्र पक्की होते, कारण थांबलो असतो तर काही झाले नसते हे कळण्याची संधीच मिळत नाही. आता या टाळण्याकडे घर कसे पाहते ते बघावे. बाई एकटी बाजारात जात नाही, माहेरी जायला दीर किंवा पोरगा सोबत लागतो, यात पुष्कळ घरांना वावगे दिसत नाही. उलट ते चांगल्या वळणाचे लक्षण ठरते. गडी माल घेऊन बाजार समितीत स्वतः न जाता लहान भावाला धाडू लागला, तर तो आता मोठेपणाने वागतो असे म्हणतात. सोबत देणे ही इथली माया आहे आणि ती खोटी नाही. पण या आजारात तीच सोबत, खिशातल्या गोळीच्या पाकिटासारखी, "एकट्याने जमणार नाही" हा समज रोज घट्ट करते. झटक्यात रुग्णाला वारा घालणे, पाणी पाजणे, नाकाशी कांदा धरणे, यांनी अपाय होत नाही. मात्र झटका ओसरला तो त्यांच्यामुळे, असा हिशेब बसतो. तो आपोआपच ओसरणार होता.

यावर वजनदार आक्षेप असा की वऱ्हाडातली घालमेल कर्जाची, पावसाची आणि कापसाच्या भावाची आहे. तिला आजाराचे नाव देणे म्हणजे व्यवस्थेचा दोष माणसाच्या डोक्यावर मारणे. अमरावती विभागातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी नोंदी २००१ पासून ठेवल्या जातात, तेव्हा या आक्षेपामागचे दुःख कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु पॅनिक डिसऑर्डरची ओळखच अशी आहे की झटका संकटाच्या ऐन क्षणी येईल असे नाही. तो निवांत बसल्यावर, कधी झोपेतूनही उठवतो. ताणाने आजाराला वाट मिळते, पण एकदा संवेदनेची भीती बसली की कर्ज फिटूनही ती राहू शकते. भाव मिळावा ही मागणी आणि उपचार मिळावा ही मागणी एकाच माणसाची आहे. एक दुसरीला खोडत नाही. शिवाय या आजारासोबत नैराश्य पुष्कळदा येते आणि दोन्ही एकत्र आल्यास आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून इथे थांबायला वेळ नसतो.

उपचारांत सर्वांत चांगला पुरावा विचार-वर्तन पद्धतीच्या मानसोपचाराला आहे, आणि त्याचा गाभा टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जाण्याचा. डॉक्टरने हृदय ठीक असल्याचे सांगितल्यानंतर रुग्णाकडून एका जागी धावणे, गिरक्या घेणे, मुद्दाम जलद श्वास घेणे असे करवून घेतात. धडधड आणि चक्कर येऊनही माणूस पडत नाही, हे शरीरानेच शरीराला दाखवायचे असते. मग रस्त्यावर. अमरावतीच्या माणसासाठी पायऱ्या अशा लावता येतील: आधी कोणाला तरी घेऊन राजकमल चौक, नंतर एकट्याने, मग एसटीने बडनेरा, मग मूर्तिजापूर, शेवटी अकोला, तेही मधल्या बाकावर बसून, घरी दर थांब्याला फोन न करता. भीती चढली की उतरून पळायचे नाही, ती उतरेपर्यंत तिथेच राहायचे, आणि तीच पायरी सोपी होईपर्यंत पुन्हा करायची. घरच्यांना इथे काम आहे: सोबत एकदम तोडायची नाही, ठरवून कमी करत न्यायची.

असे उपचार देणारे इथे आहेत किती, हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ दोन शहरांत एकवटलेले आणि मेळघाटातून अमरावती गाठण्यातच दिवस जातो. तरीही अमरावती जिल्ह्याच्याच ३० गावांत चाललेल्या 'विश्राम' या कार्यक्रमाने वाट दाखवली आहे. गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांच्यामागे समुपदेशक आणि डॉक्टर उभे करून हे काम झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे 'लॅन्सेट सायकियाट्री'त २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो अभ्यास नैराश्याचा होता, पॅनिकचा नव्हे, हे लक्षात ठेवूनही असे म्हणता येते की पायरीपायरीचा सराव करवून घेणे हे काम त्याहून अवघड नाही. राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प आणि २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा, यांच्याकडून सुरुवातीचा सल्ला मिळू शकतो.

औषधांत पहिली निवड एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून त्या कमी मात्रेने सुरू करतात. हे आधी न सांगितल्यामुळे रुग्ण आठवड्यात गोळी बंद करतो आणि औषध लागू पडले नाही असे समजतो. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलामचे तसे नाही; ती अर्ध्या तासात शांत करते आणि म्हणूनच हातातून सुटत नाही. सवय लागते, मात्रा वाढते, एकदम थांबवली तर झटके परततात, क्वचित फिटही येते. २०१४ पासून ती एच-१ अनुसूचीत आहे, म्हणजे दुकानदाराने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही आणि दिलेल्या गोळ्यांची नोंद वहीत ठेवायची. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे ती घेणाऱ्याने स्वतःहून बंद न करता डॉक्टरकडून मात्रा थोडी थोडी उतरवून घ्यावी, आणि त्याच काळात पायऱ्यांचा सरावही सुरू करावा.