दातांची कीड आणि जंतूंची शिस्त

दात किडला असे आपण म्हणतो. परंतु दातात किडा नसतो, जंतू असतात. हे कळावयास माणसाला फार काळ लागला. १६८३ साली हॉलंडमधील डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी दातांवरचे किटण स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले, आणि त्यातील हलत्या जीवांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. ते विद्यापीठात गेले नव्हते. आम्हीही गेलो नाही. म्हणून हे नाव आम्हांला जवळचे वाटते.

१८९० मध्ये मिलर यांनी, तोंडातले जंतू पिठूळ व गोड अन्नाचे आम्ल करतात आणि ते दाताचे कवच झिजविते, असे ग्रंथ लिहून मांडले. १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा काढला.

पुढचा अध्याय क्लेशकारक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये, लुंडजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात, बुद्धीने दुर्बल अशा रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. त्यांची संमती कोणी घेतली नाही. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा दात फारसे किडले नाहीत. मधल्या वेळी चिकट टॉफी दिली तेव्हा भराभर किडले.

असे का? २००२ साली या जंतूची सर्व जनुके वाचली गेली. ती सुमारे दोन हजार भरली. ती सारी एकाच वेळी राबत नाहीत. साखर आली की ती पचविणारी जनुके जागी होतात. आम्ल वाढले की ते पेशीबाहेर फेकणारे पंप जोरात चालतात. शेजारचे जंतू हतबल होतात, हा टिकतो. शिवाय प्रत्येक जंतू एक सूक्ष्म संदेशद्रव्य सोडतो. ते पुरेसे साचले, म्हणजे गर्दी झाली, की प्रतिस्पर्ध्यांना मारणाऱ्या विषाची जनुके उघडतात. संख्याबळ पाहिल्यावाचून हाही लढा पुकारीत नाही!

आता व्हिपेहोल्मचा अर्थ उलगडतो. दोन खाण्यांत अंतर असले तर लाळ आम्ल शमविते आणि कवच सावरते. पाळीत चार वेळा गोड चहा घेणारा कामगार मात्र या जंतूला चार वेळा कामावर बोलावतो. गोड खावे, पण जेवणाबरोबर. ज्यांना विचारले गेले नाही, त्यांच्या दातांच्या मोलाने हे ज्ञान मिळाले आहे. ते गिरणीच्या दारापर्यंत पोहोचविणे हे आपल्यावरचे ऋण होय.