पूरक फ्लॅश
पूरक फ्लॅश : भर दुपारच्या उन्हात व्यक्तिचित्र घेताना डोळ्यांच्या खोबणीत व हनुवटीखाली पडणाऱ्या गडद छाया उजळण्यासाठी वापरावयाचा क्षणिक प्रकाशझोत. तो उन्हापेक्षा मंदच हवा, अन्यथा चेहरा सपाट दिसतो. १८८७ मध्ये प्रचारात आलेल्या मॅग्नेशियमयुक्त भुकटीचा धूर १९२९ नंतर बल्बांमुळे टळला. खरी अडचण मात्र झडपेची होती. प्रखर उन्हात उद्‌भासनकाल अत्यल्प लागतो. त्या वेगाला पडदा-झडप फिल्म एकाच वेळी पूर्ण उघडत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तिच्या एका पट्ट्यावरच उमटतो. हॅसलब्लाड ५०० सी (१९५७) या कॅमेऱ्यात पाकळ्यांची झडप भिंगातच असल्याने १/५०० सेकंदापर्यंत फ्लॅश जुळे. ऑलिंपसच्या एफ २८० (१९८६) या फ्लॅशने झोतच लांबवून पडदा-झडपेचीही सोय केली. अर्थात त्यात प्रकाशाचा पल्ला बराच घटतो.