हात आणि हत्यार

प्रातःकाळी उठल्याबरोबर आपल्या तळहातांचे दर्शन घ्यावे, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. संपत्ती, विद्या आणि प्रत्यक्ष ईश्वर यांचे वास्तव्य आपल्या पूर्वजांनी हाताच्या ठायी कल्पिले, यावरून हाताची थोरवी त्यांस किती वाटत होती हे दिसून येते. परंतु ज्या हातांनी या देशातील घरे, देवळे, नांगर आणि पाळणे घडविले, त्या हातांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवय आपणांस फारशी नाही. आम्हांसही नव्हती. ती लागली ती आमचाच हात दुखू लागला तेव्हा. आणि मनुष्यस्वभाव ध्यानी घेता यात नवल मानण्याजोगे काही नाही.

प्रसंग असा घडला. आमचे वडिलोपार्जित घर बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर येथे आहे. त्यातील देवघराच्या चौकटीवरची गणेशपट्टी वाळवीने पोखरली. लाकडावरील कोरीव कामाचा आम्हांस काही वर्षांपासून नाद आहे. तेव्हा नवी पट्टी विकत न आणता आपल्याच हाताने कोरावी असे मनाने घेतले. जुन्या सागवानाची फळी मिळविली आणि उन्हाळ्याच्या सुटीत रोज चार-चार तास बैठक मारून काम चालविले. तिसऱ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. पुढे रात्री अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होऊन झोप मोडू लागली. अखेरीस एके सकाळी चहाचा पेला हातातून निसटून फरशीवर पडला. घरातील मंडळींनी आमच्या वयाकडे बोट दाखविले. आम्ही मनातल्या मनात लाकडास दोष दिला.

गावात एक वयोवृद्ध सुतार आहेत. लहानथोर सारे त्यांस तात्या म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन आम्ही हात पुढे केला. तात्यांनी तिकडे पाहिलेच नाही. "हात मागनं बघू, मास्तर. आधी हत्यार दावा," एवढेच ते म्हणाले. आम्ही पटाशी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिली; ती नखास न धरता घसरली. "हिला धार हाय कुठं? ही लाकूड कापत न्हाई; तुमी ढकलताय म्हनून जातीया," असा निकाल त्यांनी दिला. मग मुठीकडे वळून, ती इतकी बारीक की धरताना बोटे तळव्यात रुतावीत, हेही दाखविले. आमचा हात त्यांनी पाहिला तो सर्वांत शेवटी, आणि तोही क्षणभरच.

आधी हत्यार, मग हात, हा तात्यांचा क्रम आमच्या मनात घोळत राहिला. हाच क्रम तीनशे वर्षांपूर्वी इटलीतील एका वैद्याने आपल्या शास्त्रात आणला होता. बर्नार्दिनो रामाझिनी हे त्याचे नाव. १६३३ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला काय होते, केव्हापासून होते, इत्यादी प्रश्न विचारण्याची रीत ग्रीक वैद्यांपासून चालत आलेलीच होती. तिच्यात रामाझिनीने एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? आज हा प्रश्न साधा वाटतो. परंतु रोग हा केवळ शरीरात नसून कामातही असू शकतो, ही दृष्टी त्यात आहे. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखनिकांविषयी एक प्रकरण जोडले. एकाच जागी बसणे, हाताची एकच हालचाल अखंड करणे आणि चूक होऊ नये म्हणून मन सतत ताणून धरणे, अशी तीन कारणे त्यांच्या दुखण्यास त्याने दिली. आयुष्यभर लेखणी चालविलेल्या आपल्या परिचयाच्या एका मनुष्याची हकीकतही त्याने सांगितली आहे. त्याचा उजवा हात प्रथम शिणू लागला व पुढे लुळा पडला. तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. काही काळाने त्या हातासही तीच व्याधी जडली. ज्या बारामतीत मोरोपंतांनी आपली विपुल काव्यरचना केली, त्या परिसरातील आम्हां लेखणीबहाद्दरांस ही हकीकत परकी वाटू नये.

रामाझिनीनंतर हाताच्या दुखण्यांस एकेक करून नावे मिळत गेली. चार्ल्स बेल याने १८३० मध्ये लेखनिकाच्या हातातील पेटक्याचे वर्णन केले. १८५४ च्या सुमारास जेम्स पॅजेट याने एका रोग्याची हकीकत नमूद केली. मनगटाजवळचे हाड मोडून सांधताना ते फाजील वाढले व त्याखाली मज्जातंतू दडपला. मनगट विशिष्ट रीतीने बांधून ठेविले की त्यास आराम पडे, आणि हात पुन्हा कामास लाविला की दुखणे परत येई. अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या कळेचे वर्णन स्वित्झर्लंडातील शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हां याने १८९५ मध्ये केले, आणि ते दुखणे आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

या सर्वांचे मर्म थोडक्यात असे. बोटे मिटविणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. तीन बाजूंना हाडे आणि वर एक चिवट पट्टा, अशा त्या जागेतून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जावयाचा असतो. मूठ आवळून, मनगट वाकवून तासन् तास जोर लाविला की कंडरांची आवरणे सुजतात, आणि त्या दाटीत सर्वांत मऊ असलेला मज्जातंतू दडपला जातो. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची जाणीव त्याच्याकडे असल्याने बधिरपणा तेथेच प्रथम उमटतो. आमच्या रात्रीच्या जागरणाचा उलगडा तो हाच.

आता आपल्या देशाकडे वळू. पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या महाचैत्याच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. त्याच चैत्याच्या मुखाशी एक छोटा शिलालेख आहे. धेनुकाकट येथील वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी याने हे मुख केले, असा त्याचा आशय. सुतार स्वतःचे आणि बापाचे नाव लेण्याच्या दारावर कोरवितो, ही घटना लहान नव्हे. कारण त्यानंतरच्या कित्येक शतकांत या प्रांतातील लाकूडकाम डोळ्यांपुढे येते, पण ते करणारे हात क्वचितच दिसतात. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून सागवान आले, हे आपणांस ठाऊक आहे. १८२८ च्या आगीत त्या वाड्याचे लाकूडकाम जळाले, हेही ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब आजही लोक मान वर करून पाहतात. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. परंतु ते खांब कोरताना कोणाचे मनगट सुजले, हे लिहून ठेवावे असे कोणत्या कारकुनास वाटावे?

वाड्यांतील नक्षीकाम हा झाला थोड्यांचा योग. खेड्यातील सुताराचे आयुष्य नांगर, कुळव, पाभर, तिफण आणि गाडीची चाके यांत जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आले आहे. वर्षभर कुणब्याची औते नीट ठेवावी आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, असा तो करार. अवजाराचे लाकूड बहुधा बाभळीचे. ते जितके टिकाऊ तितकेच हाताला कठीण.

या धंद्याच्या परंपरेत हाताला जपणाऱ्या काही युक्ती आपसूकच मुरलेल्या होत्या. सुतार जमिनीवर बसून लाकूड पायांनी दाबून धरी, त्यामुळे दोन्ही हात हत्यारास मोकळे राहत. प्रथम वाकसाने तासणे, मग करवत, मग ठोकळीने पटाशी मारणे, मग रंधा, अशी हालचाल बदलत जाई. मधून मधून धार लावण्यासाठी थांबणे भाग असे, आणि तेवढी विश्रांती मनगटास मिळे. अमावास्येस पुष्कळ ठिकाणी हत्यार बंद ठेवीत. खंडेनवमीस तर हत्याराचीच पूजा होई. आमच्यासारखा हौशी मनुष्य हत्यारे विकत आणतो, पण त्यांबरोबरची ही लय त्यास दुकानात मिळत नाही. एकच पटाशी, एकच बैठक, एकच ढकलणे असे चार तास चालविले की जे कारागिराला वीस वर्षांत होते, ते आपण तीन आठवड्यांत पदरात पाडून घेतो.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन आम्ही येथे थांबलो असतो, तर ते खोटे ठरले असते. तात्यांनी आम्हांस आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. उतारवयात त्यांच्या अंगठ्यात जोर उरला नव्हता. रात्री ते एरंडाचे पान गरम करून मनगटावर ठेवीत आणि वर चिंधी आवळून झोपत. सकाळी त्याच चिंधीनिशी कामास बसत. "मग काम थांबवीत का नव्हते?" असे आम्ही विचारले. तात्या हसले. "मिरगाचं पानी पडल्यालं, दारात तिफण मोडून पडल्याली, आन् कुणब्याला सांगायचं हात दुखतोय म्हनून? त्याची पेरनी चुकली तर आमाला बलुतं कुठलं?" पॅजेटने ज्या बंधनाची नोंद ग्रंथात केली, तसलेच बंधन वडगावात एका म्हाताऱ्याने चिंधीने साधले होते. पॅजेटचा रोगी जगभरच्या वैद्यांस परिचित झाला; हा म्हातारा मात्र आपल्या मुलाच्या आठवणीपुरता उरला.

येथे आम्हांस प्रश्नाचे खरे स्वरूप दिसले. हाताच्या दुखण्यावरील पहिले औषध विश्रांती हे होय. आणि विश्रांती ही औषधाच्या दुकानात नव्हे, तर मनुष्याच्या सांपत्तिक स्थितीत असते. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारायंत्र चालविणाऱ्यांच्या हातातील पेटक्यास नुकसानभरपाई देण्याजोगा रोग म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने इंडियाना प्रांतातील पाथरवटांची बोटे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी कशी पांढरी पडतात, हे तपासून सरकारी अहवालात मांडले. ज्या कामगारांना मालक होता व ज्यांचा धंदा कागदावर नोंदलेला होता, त्यांची दुखणी अशी हळूहळू दप्तरात आली. बलुतेदाराला मालक एक नव्हता, सारा गाव होता. त्यामुळे जबाबदारी कोणाचीच नव्हती.

पुढे कामाचे स्वरूपच पालटले. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला व या मुलखात बागाईत वाढली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर महाराष्ट्रभर पसरला. मागून ट्रॅक्टर आले. औते घडविणारा सुतार दारे, खिडक्या व कपाटे यांकडे वळला. आज त्याच्या हाती विजेची करवत व विजेचा रंधा आहे. श्रम कमी झाले हे खरे. परंतु हॅमिल्टनबाईंनी ज्या थरथरीकडे बोट दाखविले, ती थरथर आता वडगावातील तरुण सुताराच्याही हातात शिरली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा धंद्यांच्या कारागिरांना प्रशिक्षण, कर्ज आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेविले आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. हत्याराची चौकशी झाली. हाताची चौकशी तेवढी राहिली.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, पुण्याच्या डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिली आणि सहा आठवडे पटाशीस स्पर्श करू नये असे बजाविले. त्या अवधीत आम्ही तात्यांकडे बसून धार लावावयास शिकलो. पटाशीला जाड मूठ बसविली. तळहाताच्या टाचेने हत्यार ठोकण्याची खोड सोडून लाकडी ठोकळी हाती घेतली. फळी शिकंज्यात आवळून काम करू लागलो, म्हणजे डावा हात मोकळा राहतो आणि उजवे मनगट वाकत नाही. अर्ध्या तासाने उठावे, बोटे ताणून मोकळी करावी, आणि बधिरपणा जाणवताच त्या दिवसापुरते हत्यार खाली ठेवावे, असा नियम केला. बधिरपणा हटत नसल्यास किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खोल जाऊ लागल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे डॉक्टरांचे सांगणे वाचकांनीही ध्यानी ठेवावे.

गणेशपट्टी अद्याप पुरी झालेली नाही. मुकुट व कान झाले आहेत; सोंड अजून लाकडातच आहे. तात्यांना आता पटाशी धरवत नाही, परंतु ते दर खेपेस धार तपासतात आणि नखावर ती घसरली तर मुकाट्याने दगड पुढे सरकवितात. आमच्या देवघराची चौकट आणखी वर्षभर उघडी राहिली तरी कोणाची पेरणी चुकणार नाही. ज्यांची चुकत होती, त्यांनी चिंध्या बांधून काम पुरे केले, आणि त्यांनी घडविलेल्या चौकटींखालून आपण आजही मान वाकवून आत जातो.