माडी, अळी आणि लस

आमच्या मालवण किनाऱ्यावर भंडारी पहाटे माडावर चढून गोड नीरा उतरवतो. ऊन चढू लागले की तीच आंबून तिची माडी होते. ही करामत यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवाची. याच गोतातल्या एका यीस्टकडून पुण्यात लस करवून घेतात, असे सांगितले तर पारावरची वडीलधारी मंडळी थट्टाच समजतील. पण या थट्टेमागे चार दशकांचा इतिहास आहे. तो आहे कामाजोगा कारागीर निवडण्याचा.

1921 साली टोरांटोत इन्शुलिन हाती आले. पुढची साठ वर्षे मधुमेही माणूस डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडावर जगला. 1978 साली अमेरिकेत मानवी इन्शुलिनची जनुके ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत घातली गेली आणि 1982 साली त्या औषधाला मान्यता मिळाली. जंतू झपाट्याने वाढतो, त्याला खाणेही स्वस्त लागते. इन्शुलिन म्हणजे अवघ्या 51 मण्यांचे प्रथिन. तेवढ्याला हा गडी पुरला.

ब प्रकारच्या काविळीच्या लसीपाशी मात्र तो अडला. प्रथिनाचे कण त्याच्या हातून नीट जुळेनात. ते काम पाव फुगवणाऱ्या यीस्टने केले आणि 1986 साली ती लस मान्य झाली. हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवणारे प्रथिन आणखी अवघड: आत अनेक गाठी, अंगावर शर्करेच्या साखळ्या. त्यासाठी 1987 साली चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी कामी आल्या. त्या सावकाश वाढतात आणि खर्चही फार. पण साखळ्या माणसासारख्या जोडतात.

आता पुण्याकडे वळू. 1966 साली स्थापन झालेल्या सिरम इन्स्टिट्यूटचे मूळ घोड्यांच्या पागेशी जुळलेले. त्याच संस्थेने 2021 साली कोवोवॅक्स ही करोनाची लस आणली, ती एका अळीच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत. ही अळी म्हणजे 2018 साली महाराष्ट्राच्या मक्यावर तुटून पडलेली अमेरिकन लष्करी अळी! करोना विषाणूचे प्रथिन मोठे, शर्करेने मढलेले. कीटकाच्या पेशींना ते साधले.

2022 साली मान्यता मिळालेल्या सर्वावॅक लसीसाठी मात्र तिथेच यीस्ट निवडले गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूचे प्रथिन यीस्टमध्ये तयार होते आणि त्याचे पोकळ गोळे आपोआप जमतात. यीस्ट स्वस्तात पोसले जाते. ही लसही परदेशीपेक्षा स्वस्त पडते.

माझ्यासारख्या शाळामास्तराला ही किंमत महत्त्वाची वाटते. ही लस टोचण्याचे उत्तम वय नऊ ते चौदा, म्हणजे नेमक्या माझ्या वर्गातल्या मुली. त्यांपैकी कित्येकींचे बाप माडावर चढतात, नाहीतर होडीवर जातात. बापाच्या मिळकतीत लेकीची लस बसेल की नाही, हे त्या पेशीच्या निवडीवरही अवलंबून असते.