चिकलठाणा विमानतळ : धावपट्टी आणि रस्ता

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या शहराचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक मलिक अंबराच्या नहरीपाशी रमतात, दौलताबादच्या तटबंदीचे बारकावे टिपतात, आणि विसावे शतक लागताच बहुधा लेखणी खाली ठेवतात. त्यामुळे शहराच्या पूर्वेस चिकलठाणा येथे असलेल्या विमानतळाकडे इतिहासाचा विषय या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. पाहिलेच, तर इमारतींच्या उद्घाटनांची जंत्री देऊन विषय आटोपला जातो. वस्तुतः अशा विमानतळाचा इतिहास प्रवासी-कक्षात सापडत नाही. धावपट्टी संपून जेथे गावाचा रस्ता सुरू होतो, तेथे तो शोधावा लागतो.

स्वातंत्र्याच्या वेळी हा प्रदेश निजामी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात होता. हैदराबाद सरकार व टाटांची विमानकंपनी यांच्या भागीदारीतून 1945 मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. दरम्यान सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने निजामी सत्ता संपली, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. जिल्ह्याची राजधानी अशा रीतीने हैदराबादहून मुंबईस गेली. परंतु रूळ होते तेच राहिले. 1900 च्या सुमारास घातलेली मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज लोहमार्गाची वाट विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत रुंद झाली नव्हती. मुंबईच्या उतारूस मनमाडला गाडी बदलावीच लागे. या पार्श्वभूमीवर मुंबईशी विमानाने जोडले जाणे ही निव्वळ चैन नव्हती.

तथापि विमाने प्रामुख्याने आणली ती लेण्यांनी. वेरूळ येथून सुमारे तीस किलोमीटर, अजिंठा सुमारे शंभर. 1983 मध्ये दोहोंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. थोड्या दिवसांत पुष्कळ पाहू इच्छिणाऱ्या परदेशी प्रवाशासाठी दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी माळ एकाच विमानफेरीत ओवली गेली. मराठवाड्यातील शेतकऱ्याचा अथवा व्यापाऱ्याचा या फेरीशी संबंध थोडा होता. त्यांचा माल रस्त्याने जात असे.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंचीवर आहे. एप्रिल–मे महिन्यांत दुपारी येथील हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारा उठाव घटतो, इंजिनांचा जोरही कमी पडतो, आणि भरलेल्या विमानास जमीन सोडण्यापूर्वी अधिक लांब धावावे लागते.

26 एप्रिल 1993 रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 जातीचे विमान, उड्डाण क्रमांक 491, जवळजवळ पूर्ण भरून मुंबईकडे निघाले. तेव्हाची धावपट्टी आजच्याहून बरीच आखूड होती. विमान अगदी तिच्या टोकाशी जमिनीवरून सुटले. त्याच वेळी टोकापलीकडील रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेली एक मालमोटार उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली होती. विमानाचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर तिला धडकला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर आदळून विमान कोसळले. त्यातील 118 जणांपैकी 55 मृत्यू पावले.

चौकशीत कारणे दोन ठरली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. उड्डाणाच्या वेळांत बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. पहिले कारण विमानविद्येचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे ते दुसऱ्यापाशी. लेणी पाहून परतणारे प्रवासी आणि जिनिंगमधून निघालेला कापूस हे या प्रदेशाचे दोन निरनिराळे व्यवहार होत. एक दिल्ली–मुंबईच्या वेळापत्रकावर चाले, दुसरा मोटारचालकाच्या सोयीवर. दोहोंची वाट धावपट्टीच्या टोकाशी एकमेकींना छेदत होती. रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखून फाटक आणि फाटकवाला यांची योजना केली होती. विमान हवेतून जाते, म्हणून त्याला फाटकाची गरज नाही, अशी काहीशी समजूत येथे झाली असावी!

राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण 1995 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले. अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटनविकास प्रकल्पाच्या, 2003 मध्ये जपानी कर्ज मिळालेल्या, दुसऱ्या टप्प्यात विमानतळाच्या सुधारणेचाही समावेश होता. अपघातानंतरच्या काळात धावपट्टी वाढून 2,835 मीटर, म्हणजे सुमारे 9,300 फूट, झाली.

मात्र धावपट्टी लांबते तसे शहरही पसरते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोच्या वसाहती आणि मुकुंदवाडीची वस्ती यांनी विमानतळास वेढत आणले आहे. एके काळी माळरान असलेल्या जागी धावपट्टीचा पुढचा प्रत्येक फूट आता कोणाच्या तरी शेतातून अथवा घरातून जावयाचा आहे. म्हणूनच धावपट्टी आणखी लांबविण्याच्या प्रस्तावात विमानांपेक्षा भूसंपादनाचीच चर्चा अधिक होते.